एएफ निघाला, आता कुठून सुरुवात करायची? पुण्यातल्या नव्या रुग्णासाठी क्रमवार मार्गदर्शन

ईसीजीच्या रिपोर्टवर ‘एट्रियल फिब्रिलेशन’ (एएफ, म्हणजे हृदयाचे ठोके बेताल पडण्याचा आजार) हे शब्द आले की घरात सल्ल्यांचा पूर येतो. कुणी अर्जुनाच्या सालीचा काढा सुचवतं, कुणाच्या भाच्याने अमेरिकेहून मॅग्नेशियमची बाटली आणलेली असते, कुणी कॉफी सोडायला सांगतं. आणि ज्या गोळीमुळे पक्षाघात टळायचा असतो तिच्याबद्दल मात्र, ‘रक्त पातळ करायची? नको बाबा, जन्माची मागे लागेल,’ असं सगळे एका सुरात म्हणतात.

मी स्वतः काही वर्षं एएफ घेऊन पुण्यात राहतोय. नव्या माणसाला मला मुख्यतः एक गोष्ट सांगायची असते, ती म्हणजे क्रम. आधी गुठळी, मग कारणं, मग ठोके, मग ताट आणि अगदी शेवटी डब्यांमधल्या कॅप्सूल. बहुतेक लोक शेवटच्या टोकाकडून सुरू करतात आणि पहिल्या टोकापर्यंत पोचतच नाहीत. मी डॉक्टर नाही. इथलं वाचून कुठलीही गोळी आपल्या मनाने चालू किंवा बंद करू नका, फक्त पुढच्या अपॉइंटमेंटला नीट प्रश्न घेऊन जा.

पायरी १ : आधी पुरावा हातात घ्या

हृदयाचे वरचे दोन कप्पे, म्हणजे कर्णिका, आकुंचन पावायच्या ऐवजी नुसत्या थरथरतात. खाली जाणारे विजेचे संदेश वेडेवाकडे पोचतात आणि नाडीचा ताल पार जातो. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवून पूर्ण ६० सेकंद मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायची सवय इथे उपयोगाची नाही. एएफमध्ये दोन ठोके घाईघाईने येतात, मग मधेच पोकळी, मग एक जोराचा, मग तीन बारीक. कुठलाच ठेका धरता येत नाही. अधूनमधून एखादाच ठोका चुकत असेल तर ते बहुधा वेगळं प्रकरण असतं, आणि पुष्कळदा निरुपद्रवीही.

नाडीवरून किंवा घड्याळाच्या सूचनेवरून निदान होत नाही. त्याला ईसीजीच लागतो. धडधड चालू असतानाच जवळच्या दवाखान्यात जाऊन पट्टी काढून घ्या. ‘उद्या सकाळी बघू’ म्हणालात तर उद्या सकाळी सगळं सरळ निघतं आणि तुमच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. ईसीजी काढणारं घड्याळ असेल तर त्याची फाइल जपून ठेवा, डॉक्टर बघतात. झटका हाती लागतच नसेल तर २४ तासांचं होल्टर (अंगावर बाळगायचं छोटं ईसीजी यंत्र) किंवा आणखी जास्त दिवसांचं मॉनिटर लावतात.

पट्टीचा लगेच फोटो काढा. तो कागद थर्मल असतो, फाइलमध्ये राहून राहून फिका पडतो आणि दोन वर्षांनी नवा डॉक्टर ‘पहिला ईसीजी दाखवा’ म्हणतो तेव्हा हातात नुसता गुलाबी चौकटींचा कोरा कागद राहतो.

सोबत रक्ताच्या तपासण्या होतील: थायरॉइड, क्रिएटिनिन (किडनीसाठी), पोटॅशियम, हिमोग्लोबिन, लिव्हर, साखर. आणि टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. इकोच्या रिपोर्टबद्दल दोन गोष्टी आवर्जून विचारा. मायट्रल झडप (हृदयाच्या डाव्या दोन कप्प्यांमधली) अरुंद झाली आहे का, आणि डावी कर्णिका किती मोठी झाली आहे. पहिल्या उत्तरावर गोळी ठरते, दुसऱ्यावरून आजार किती मुरला आहे त्याचा अंदाज येतो.

घरच्या बीपी मशिनचा आकडा एएफ चालू असताना दर वेळी वेगळा येतो, कारण ठोकेच एकसारखे नसतात. ओळीने तीन वेळा घ्या आणि सरासरी लिहा.

पायरी २ : गुठळीचा हिशोब

थरथरणाऱ्या कर्णिकेच्या एका कोपऱ्यात, तिच्या पिशवीसारख्या उपांगात, रक्त साचून राहतं आणि गुठळी धरू शकतं. ती सुटून मेंदूकडे गेली की पक्षाघात. एएफ असलेल्याला हा धोका साधारण पाचपट असतो. धडधड जाणवते की नाही याच्याशी त्याचा संबंध नाही, आणि पुष्कळांना एएफचा पत्ता लागतो तोच पक्षाघात झाल्यावर.

डॉक्टर गुणांची बेरीज करतात, ती तुम्हीही करून बघा. हार्ट फेल्युअर १, रक्तदाब १, मधुमेह १, हृदयाच्या किंवा पायाच्या रक्तवाहिन्यांचा आजार १, वय ६५ ते ७४ असेल तर १ आणि ७५ किंवा पुढे २, पूर्वी पक्षाघात किंवा त्याचा छोटा झटका येऊन गेला असेल तर २. बाईमाणसाला एक गुण जास्त देत असत, तो युरोपच्या २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी काढून टाकला. बेरीज २ किंवा जास्त आली तर रक्त पातळ ठेवणारी गोळी घ्यावीच, १ आली तर डॉक्टरांशी बसून ठरवावं. म्हणजे ६८ वर्षांचा, बीपीची गोळी घेणारा, बाकी ठणठणीत माणूसही दोनवर गेला. ‘मला तर वर्षातून दोनदाच होतं’ हा मुद्दा या बेरजेत कुठेच येत नाही.

ॲस्पिरिन ही यावरची गोळी नाही. आपल्याकडे अजूनही कितीतरी घरांत एएफसाठी म्हणून ७५ ची ॲस्पिरिन चालू असते. तिने पक्षाघात फारसा टळत नाही आणि रक्तस्राव व्हायचा तो होतोच. तुमच्या चिठ्ठीवर एकटी ॲस्पिरिन असेल तर ‘ही कशासाठी?’ असं सरळ विचारा.

आता कोणती गोळी? लहानपणच्या संधिवाताच्या तापाने मायट्रल झडप अरुंद झाली असेल किंवा धातूची झडप बसवलेली असेल तर वॉरफरिन किंवा आपल्याकडची अ‍ॅसिट्रॉम. संधिवाताच्या झडपांचे रुग्ण आपल्या देशात भरपूर आहेत, म्हणून हे लक्षात ठेवायला हवं. २०२२ मध्ये आलेल्या इन्व्हिक्टस चाचणीत अशा रुग्णांमध्ये जुन्या पद्धतीच्या गोळ्याच नव्या रिव्हारोक्साबॅनपेक्षा सरस ठरल्या. या गोळ्यांवर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप) साधारण २ ते ३ मध्ये ठेवायचा असतो, धातूच्या झडपेला कधी त्याहून थोडा वर. त्यासाठी नियमित रक्त द्यावं लागतं.

बाकीच्यांना सहसा नव्या गोळ्या देतात: अपिक्साबॅन, रिव्हारोक्साबॅन, डॅबिगाट्रान, एडोक्साबॅन. आयएनआरची कटकट नाही आणि मेंदूतला रक्तस्राव वॉरफरिनपेक्षा कमी. पूर्वी यांच्या किमती ऐकून लोक परत जायचे. पेटंट संपून भारतीय कंपन्यांच्या गोळ्या आल्यापासून खर्च बराच उतरला आहे, जनऔषधी केंद्रातही चौकशी करा.

प्रत्येक गोळीची तऱ्हा वेगळी. रिव्हारोक्साबॅनची १५ किंवा २० ची गोळी भरल्या पोटी घ्यायची, उपाशीपोटी ती नीट शोषली जात नाही. एकादशीला फक्त पाण्यावर असाल तर आधी डॉक्टरांशी बोला. डॅबिगाट्रानची कॅप्सूल फोडायची नाही, तिच्या मूळ पाकिटातून काढून आठवड्याच्या डबीत भरायची नाही, आणि घेताना ताठ बसून ग्लासभर पाणी प्यायचं, नाहीतर छातीत जळजळते. अपिक्साबॅन दिवसातून दोनदा. मी गोळ्यांच्या पट्टीच्या मागे मार्करने सोमवार सकाळ, सोमवार रात्र असं लिहून ठेवतो. रात्री साडेनऊला ‘घेतली का?’ हा प्रश्न बायकोने विचारला की पट्टी उलटी करून बघायची, वाद मिटतो.

या गोळ्यांचा असर दिवसभरात उतरतो, त्यामुळे चार दिवस विसरणं परवडत नाही. विसरलात तर दिवसातून दोनदाची गोळी सहा तासांच्या आत आणि एकदाची बारा तासांच्या आत आठवल्यास घ्या. उशीर झाला असेल तर ती सोडून पुढची वेळेवर. दोन एकदम कधीच नाही.

‘काकांना जास्त नको, अर्धीच चालू ठेवू’ हा प्रकार घरचे प्रेमापोटी करतात. कमी डोस कुणाला द्यायचा त्याचे नियम आहेत. अपिक्साबॅनमध्ये वय ८० किंवा पुढे, वजन ६० किलो किंवा कमी, क्रिएटिनिन १.५ किंवा जास्त, या तीनपैकी दोन गोष्टी लागू असतील तर ५ ऐवजी २.५. उगाच अर्धी घेतली तर संरक्षण अर्धवट राहतं. किडनीची तपासणी निदान वर्षातून एकदा, किडनी आधीच नाजूक असेल तर त्याहून वरचेवर.

मेडिकलवाला ‘काका, कंटेंट तोच आहे’ म्हणून दुसऱ्या कंपनीची पट्टी देतो. देऊ दे. पण औषधाचं मूळ नाव आणि मिलिग्रॅम दुकानातच वाचून घ्या. २.५ आणि ५ ची पाकिटं दिसायला भावंडं असतात.

आणखी काही गोष्टी ज्या चिठ्ठीवर कुणी लिहून देत नाही. गुडघे दुखले की आपल्या मनाने ब्रुफेन, डायक्लोफिनॅक किंवा त्यांची जोडगोळी घ्यायची नाही. रक्त पातळ असताना पोटातून रक्तस्राव व्हायची ही हमखास वाट. बहुतेकांना पॅरासिटामॉल चालते, पण वॉरफरिनवाल्यांनी तीही रोज घेत असाल तर आयएनआर बघत राहावा. फॅमिली डॉक्टर सवयीने कंबरेत इंजेक्शन देतात, त्यांना आधीच सांगा, कारण स्नायूत रक्ताची गाठ धरू शकते. सर्दीच्या गोळीत नाक मोकळं करणारं औषध असतं, त्याने धडधड वाढते. दात काढायचा असेल, मोतिबिंदू करायचा असेल तर गोळी बंद करायची का, किती दिवस, हे दंतवैद्याने आणि हृदयाच्या डॉक्टरने मिळून ठरवायचं असतं. पुष्कळदा बंद करावीच लागत नाही.

दाढी करताना कापलं आणि रक्त थांबायला वेळ लागला तर घाबरू नका. डांबरासारखी काळी शौच झाली किंवा डोक्याला मार लागला, मग वरून काही दिसो न दिसो, तर थेट हॉस्पिटल.

पायरी ३ : एएफ कशावर पोसला जातोय ते शोधा

सगळ्यात आधी थायरॉइड. ते जास्त काम करत असेल तर एएफ होतो आणि ते आटोक्यात आलं की पुष्कळदा एएफही शांत होतो. म्हणून टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) न बघता पुढचे बेत करू नयेत. मग रक्तदाब. वर्षानुवर्षं वाढलेल्या दाबाने डावी कर्णिका ताणली जाते, आणि ताणलेल्या कर्णिकेत एएफ रुजतो.

वजनाबद्दल मात्र थोडं सविस्तर, कारण इतकं परिणामकारक आणि इतकं दुर्लक्षित दुसरं काही नाही. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडमध्ये झालेल्या आणि २०१५ साली आलेल्या लेगसी अभ्यासात जाड अंगाचे एएफचे रुग्ण पाच वर्षं बघितले. ज्यांनी १० टक्के किंवा जास्त वजन उतरवून ते टिकवलं त्यांची एएफमुक्त राहण्याची शक्यता इतरांच्या सहापट निघाली. ८२ किलोच्या माणसाला हे ७४ वर येणं आहे. त्याच अभ्यासात असंही दिसलं की वजन खाली-वर करत राहिलेल्यांनी कमावलेला फायदा बराचसा घालवला. तेव्हा लग्नसराईच्या आधीचं महिन्याभराचं सॅलड आणि नंतर पुन्हा श्रीखंड-पुरी, याने काही साधत नाही.

घोरणं हा आपल्याकडे विनोदाचा विषय. पण झोपेत श्वास अडखळत असेल तर रात्रभर ऑक्सिजन पडत राहतो आणि एएफ परत परत येतो. दिवसा पेंग येते का ते बघा. झोपेत गुदमरल्यासारखं होतं का, हे तुम्हाला कळणार नाही, शेजारी झोपणाऱ्याला विचारा. स्लीप स्टडी, म्हणजे झोपेतल्या श्वासाची तपासणी, आता घरच्या घरीही होते. निघालंच काही, तर झोपेत मास्कमधून दाबाने हवा देणाऱ्या सीपॅप मशिनची पहिले काही दिवस चीड येते, मग सवय होते.

दारू. शनिवार-रविवारच्या भरपेट पिण्यानंतर सोमवारी एएफ घेऊन येणाऱ्यांसाठी अमेरिकेतल्या डॉक्टरांनी १९७८ मध्येच ‘हॉलिडे हार्ट’ असं नाव ठेवलं. २०२० च्या एका ऑस्ट्रेलियन चाचणीत नियमित पिणाऱ्या रुग्णांपैकी अर्ध्यांना दारू सोडायला सांगितली. सहा महिन्यांत एएफ परत आला तो पीत राहिलेल्यांपैकी ७३ टक्क्यांना आणि सोडलेल्यांपैकी ५३ टक्क्यांना. ‘रेड वाइन हृदयाला चांगली’ हे एएफवाल्याने विसरावं. सिगारेट, तंबाखू, मशेरी यांबद्दल वेगळं सांगायला नको.

कॉफी मात्र बिचारी फुकट बदनाम आहे. दोन-तीन कप कॉफीने किंवा चहाने एएफ वाढतो असं अभ्यासांत दिसत नाही. तुम्हाला स्वतःला तिने धडधडत असेल तर सोडा, नसेल तर खुशाल प्या. एनर्जी ड्रिंकची गोष्ट वेगळी, त्यांच्या वाटेला जाऊ नका.

पायरी ४ : वेग आवरायचा की ताल परत आणायचा

इथे दोन वाटा फुटतात. एकीत एएफ राहू द्यायचा, फक्त ठोक्यांचा वेग आवरायचा. त्यासाठी मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल, डिल्टियाझेम, कधी डिगॉक्सिन. बसल्या जागी ११० च्या खाली असेल तर सुरुवातीला पुरे, असं नेदरलँड्समधल्या २०१० च्या अभ्यासाने दाखवलं. त्रास होत असेल तर आणखी खाली आणतात. दम्याचा इतिहास असेल तर आधीच सांगा, आणि मेटोप्रोलॉलसारखी गोळी एका दिवसात बंद करू नका.

दुसऱ्या वाटेत मूळ ताल परत आणायचा, औषधाने, छातीवर विजेचा शॉक देऊन किंवा ॲब्लेशनने (त्याबद्दल पुढे). पूर्वी म्हणत, दोन्ही सारखंच. २०२० च्या ईस्ट-एएफनेट ४ या चाचणीने चित्र बदललं. निदानानंतर वर्षाच्या आत ताल परत आणायचा प्रयत्न केलेल्यांमध्ये पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू कमी झाले. म्हणून नव्या रुग्णाने ‘बघू पुढच्या वर्षी’ म्हणू नये. निर्णय पहिल्या काही महिन्यांतच मागून घ्यावा.

तालाच्या औषधांपैकी अमिओडेरॉन परिणामकारक आहे आणि तितकंच खोडकरही. थायरॉइड, लिव्हर, फुप्फुसं, सगळीकडे हात घालतं. ते चालू असेल तर दर सहा महिन्यांनी टीएसएच आणि लिव्हरची तपासणी लागते. वॉरफरिन आणि डिगॉक्सिनचा असरही ते वाढवतं. फ्लेकेनाइड चांगलं, पण हृदयाच्या नळ्यांत अडथळा असेल किंवा पंपिंग कमी असेल तर चालत नाही. शॉक द्यायचा झाला तर त्याआधी निदान तीन आठवडे आणि नंतर चार आठवडे रक्त पातळ ठेवावं लागतं. एएफ नुकताच, २४ तासांच्या आत, सुरू झाला असेल तरच त्यात सूट मिळू शकते. म्हणून धडधड सुरू झाल्याची वेळ लिहून ठेवत जा.

ॲब्लेशनमागचा विचार फ्रान्समधल्या बोर्दोच्या डॉक्टरांनी १९९८ मध्ये मांडला. एएफ पेटवणाऱ्या ठिणग्या बहुतेक वेळा फुप्फुसांकडून डाव्या कर्णिकेत येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी असतात. जांघेतून नळी घालून त्या तोंडांभोवती उष्णतेने, गोठवून किंवा आता विजेच्या सूक्ष्म स्पंदांनी कडं केलं जातं. येऊन-जाऊन असणाऱ्या एएफमध्ये यश जास्त, ठाण मांडून बसलेल्यात कमी, आणि काहींना दुसऱ्यांदा करावं लागतं. पहिल्या दोन-तीन महिन्यांत धडधड आली म्हणून पैसे पाण्यात गेले असं नसतं, जखम भरत असते. आणि ॲब्लेशन झालं की गोळी सुटली, असंही नाही. निदान दोन-तीन महिने ती सगळ्यांनाच लागते, पुढचं वरच्या गुणांच्या बेरजेवर.

प्रत्येक कार्डिओलॉजिस्ट ॲब्लेशन करत नाही. त्यासाठी ईपी, म्हणजे हृदयाच्या विजेचा तज्ज्ञ लागतो. पुण्यातल्या मोठ्या हॉस्पिटलांत ते असतात किंवा ठरावीक दिवशी येतात. भेटल्यावर विचारा: वर्षाला एएफची किती ॲब्लेशन तुम्ही स्वतः करता? माझ्या कर्णिकेचा आकार बघता यशाची शक्यता किती? हृदयाभोवती रक्त साचणं, पक्षाघात, जांघेत रक्तस्राव, यांतलं काय किती जणांना झालं? चांगला डॉक्टर या प्रश्नांवर चिडत नाही.

खर्च लाखांत जातो. मेडिक्लेम असेल तर आधी मंजुरी घ्या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसतो, तुमचा उपचार यादीत आहे का ते त्याच्याकडून पक्कं करून घ्या. ज्यांना रक्त पातळ करणारी गोळी खरोखरच झेपत नाही, त्यांच्यासाठी कर्णिकेचं ते उपांग बंद करणारं यंत्र बसवता येतं. नुसता गोळीचा कंटाळा हे त्याचं कारण होऊ शकत नाही.

पायरी ५ : ताट

कुठलाही एक पदार्थ एएफ बरा करत नाही. ज्वारीची भाकरी, उसळ, पालेभाजी, ताक, मूठभर शेंगदाणे, थोडे तीळ, एखादं फळ. आपलं जुनं साधं जेवण पुरेसं चांगलं आहे आणि त्यात मॅग्नेशियम-पोटॅशियम आपोआप येतं. गडबड होते ती पापड, लोणचं, फरसाण, बाकरवडी आणि मिसळीवर पेरलेल्या शेवेमध्ये. दिवसाचं एकूण मीठ ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चमचाभर, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. सैंधव म्हणजेही मीठच. आणि ‘लो-सोडियम’ मिठात पोटॅशियम घातलेलं असतं. टेल्मिसार्टन, रामिप्रिल किंवा स्पायरोनोलॅक्टोन चालू असेल किंवा किडनी कमजोर असेल तर ते धोक्याचं ठरू शकतं. रोज शहाळं पिणाऱ्यांनाही हेच लागू.

पालेभाज्यांची भीती फक्त वॉरफरिन आणि अ‍ॅसिट्रॉमवाल्यांनी बाळगायची, तीही बेताने. पालक, मेथी, अळू, चाकवत यांतलं व्हिटॅमिन के त्या गोळीच्या विरुद्ध काम करतं. भाज्या सोडायच्या नाहीत, प्रमाण सारखं ठेवायचं. आठवड्यातून तीनदा खात असाल तर तीनदाच खा. श्रावणात रोज अळूची पातळ भाजी आणि भाद्रपद संपला की एकदम बंद, असं केलं की आयएनआर झोके घेतो. अपिक्साबॅनसारख्या नव्या गोळ्यांवर असाल तर मेथी मनसोक्त खा. डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून पालक सोडून बसलेली आणि गोळी मात्र रिव्हारोक्साबॅन घेणारी माणसं मला तळजाई टेकडीवर नेहमी भेटतात.

गणपतीच्या सुमारास मंडईत पपनसं येतात. ती ग्रेपफ्रूटच्या कुळातली. अमिओडेरॉन किंवा व्हेरापामिल चालू असताना रोज खायच्या फंदात पडू नका.

रात्रीचं जड जेवण आणि लगेच आडवं होणं, याने काहींना हमखास धडधड होते. आठच्या आत हलकं जेवून बघा. पाणी कमी पडणं हेही एक निमित्त. निर्जळी उपास, उन्हातली वारी, जुलाब, या काळात जास्त सांभाळा.

पायरी ६ : डब्यांमधल्या कॅप्सूल

माशाच्या तेलाने सुरुवात करतो, कारण हृदयाचं नाव घेऊन सगळ्यात जास्त तेच विकलं जातं. ओमेगा-३ च्या मोठ्या चाचण्यांचे आकडे २०२१ मध्ये एकत्र केले तेव्हा ते घेणाऱ्यांत एएफ कमी झाला नव्हता, वाढला होता. दिवसाला १ ग्रॅमपेक्षा जास्त घेणाऱ्यांत धोका साधारण निम्म्याने अधिक, त्याहून कमी घेणाऱ्यांत वाढ लहान. एएफवाल्याने आपल्या मनाने ही कॅप्सूल घ्यायचं कारण नाही. बांगडा खा, त्याला कुणाची हरकत नाही.

व्हिटॅमिन डी कमी असेल तर हाडांसाठी भरून काढा. त्याने एएफ टळत नाही, हे २५ हजारांहून जास्त लोकांवरच्या व्हायटल चाचणीत दिसलं. ६० हजार युनिटचं सॅशे आठवड्याला एक असं वर्षभर मात्र कुणाच्या सांगण्यावरून घेऊ नका.

मॅग्नेशियम रक्तात खरंच कमी असेल तर भरलंच पाहिजे. ते कशाने कमी झालं हेही बघा. लघवी जास्त करणाऱ्या गोळ्यांनी होतं, आणि वर्षानुवर्षं उठल्याउठल्या घेतलेल्या ॲसिडिटीच्या पॅन्टोप्राझोल-ओमेप्राझोलनेही. पातळी नीट असताना कॅप्सूल घेऊन एएफ थांबतो असा भक्कम पुरावा नाही. किडनी कमजोर असेल तर मॅग्नेशियम साचतं.

आपल्या देशी डब्यांकडे या. अश्वगंधा थायरॉइडची पातळी वाढवू शकते, एएफमध्ये ते नकोच. ज्येष्ठमध जास्त झालं तर पोटॅशियम उतरतं आणि बीपी चढतं. भाजीतली हळद उत्तम, पण मिरीचा अर्क घातलेल्या हळदीच्या कॅप्सूल रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर नकोत. लसणाच्या कॅप्सूलचंही तेच, चटणी खुशाल खा. क्यू-टेन (को-एन्झाइम क्यू-टेन या नावाने मिळणारं सप्लिमेंट) वॉरफरिनचा असर कमी करू शकतं. अर्जुन शतकानुशतकं हृदयासाठी वापरात आहे, तरी एएफवर त्याचा उपयोग होतो हे नीट सिद्ध झालेलं नाही. घ्यायचाच असेल तर वैद्य आणि कार्डिओलॉजिस्ट दोघांनाही दुसऱ्याची चिठ्ठी दाखवून. लपवाछपवी सगळ्यात महागात पडते.

पायरी ७ : टेकडी, योग आणि सिंहगड

व्यायाम बंद करू नका. आठवड्याला दीडशे मिनिटं भराभर चालणं हे चांगलं उद्दिष्ट. हनुमान टेकडी, वेताळ टेकडी, तळजाई, कुठेही. वेग असा असावा की बरोबरच्याशी बोलता येईल, गाणं म्हणता येणार नाही. मेटोप्रोलॉलसारखी गोळी नाडी दाबून ठेवते, त्यामुळे घड्याळातल्या ‘टार्गेट हार्ट रेट’कडे बघू नका. सिंहगड आतकरवाडीतून चढायचा असेल तर आधी वेग आटोक्यात आलाय ना ते डॉक्टरांकडून पक्कं करा, आणि गोळी घेऊन जा. दुसरं टोकही आहे. वर्षानुवर्षं मॅरेथॉन आणि शेकडो किलोमीटर सायकल मारणाऱ्या पुरुषांत एएफ जास्त आढळतो. रविवारी पहाटे पळणाऱ्या मंडळींना हे रुचत नाही, पण आहे तसं आहे.

योगाबद्दल पुणेकराला जरा मिरवता येईल. अमेरिकेतल्या कॅन्ससमध्ये एएफच्या रुग्णांना तीन महिने, आठवड्यातून दोनदा योग शिकवला. झटके कमी झाले, चिंताही उतरली. २०१३ मध्ये आलेल्या त्या अभ्यासातली पद्धत होती अय्यंगार योगाची, म्हणजे आपल्या मॉडेल कॉलनीतल्या अय्यंगार संस्थेची. रुग्ण थोडे होते, त्यामुळे त्यावर गोळी सोडू नका. शिक्षकाला आजार सांगून शिका, आणि जोरजोरातली भस्त्रिका-कपालभाती विचारल्याशिवाय करू नका.

पायरी ८ : धावायचं कधी

नेहमीची धडधड, नाडी शंभर-एकशेदहा, बाकी ठीक: बसा, पाणी प्या, नाडी आणि वेळ लिहा, डॉक्टरांना कळवा. छातीत दुखतंय, दम लागतोय, चक्कर येऊन पडलात, किंवा नाडी दीडशेच्या वर जाऊन उतरतच नाही: हॉस्पिटल, स्वतः गाडी चालवत नाही.

चेहरा एका बाजूला ओढला, एक हात खाली पडतोय, बोलणं अडखळलं, एकाएकी तोल गेला किंवा दिसेनासं झालं तर १०८ ला फोन करा, ही रुग्णवाहिका मोफत असते. साखर चाटवणं, ॲस्पिरिन देणं, ‘थोडं पडू दे, बरं वाटेल’, यांतलं काही नाही. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. तुमच्या घराजवळ चोवीस तास सीटी स्कॅन आणि न्यूरोलॉजिस्ट असलेलं हॉस्पिटल कोणतं, हे आजच शोधून ठेवा. पेठांत राहत असाल तर विसर्जनाच्या दिवशी रस्ते बंद असतात, त्यासाठी दुसरा रस्ताही.

पाकिटात एक चिठ्ठी ठेवा: एएफ आहे, अमुक गोळी, इतक्या मिलिग्रॅमची, अमुक वेळी घेतो. फोनच्या लॉक स्क्रीनवरही टाका. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ते इंजेक्शन द्यायचं की नळी घालून गुठळी ओढून काढायची, हे शेवटचा डोस कधी घेतला त्यावर ठरतं. माणूस झोपेतून उठला तोच असा, तर घरच्यांनी डॉक्टरांना त्याला शेवटचं धड पाहिलं ती वेळ सांगायची, उठल्याची नाही.